सांता आना जड का झाली

मी, प्रिमितिवा गुमापास, वय एक्याऐंशी, राहणार काबुलान, बेट बोहोल, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने ठणठणीत असताना माझ्या मिळकतीची ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवते. कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला तेओफिलो बालाइस येऊन गेला. त्याला झाडू दाखवून वाटेला लावला.

घर व नारळाची झाडे पुतण्या मार्सेलो यास. आळशी आहे, पण लबाड नाही.

माझ्या शवपेटीला तेओफिलोने खांदा देऊ नये. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला तो जेवायला येईलच. त्याला भाजलेल्या डुकराचे कुरकुरीत कातडे वाढू नये.

हा तेओफिलो उत्सव समितीचा अध्यक्ष. त्याने चर्चच्या दाराशी संगमरवरी पाटी ठोकली आहे: मिरवणुकीत सांता आनाची मूर्ती त्याच्या आजोबांच्या, गावप्रमुख कापितान फाउस्तोच्या शेतात जड झाली, हलेना, म्हणून त्या पुण्यवंताने चर्चला जमीन दिली. धादांत खोटे! मूर्ती माझ्या आजीच्या, बार्बाराच्या खांद्यावर होती आणि तिचे दिवस भरले होते. त्या शेतात कळा आल्या, ती मूर्तीसकट खाली बसली. कापितान खिडकीतून ओरडला, "उठवा त्या बाईला! माझ्या भातात हे असलं नको!"

आजी म्हणाली, "सांता आनाच उठत नाही, मी कशी उठू?"

माझे वडील तिथेच जन्मले. पाद्रीबाबांनी आजीचे शब्द ऐकून गुडघे टेकले आणि गावभर चमत्कार झाला. बाळंतिणीला हुसकावले म्हणून लोक तोंडात शेण घालतील, या भीतीने कापितानने जमीन सोडली. पुण्य कसले डोंबलाचे!

आमच्याकडे मूर्ती चर्चची नसते, घराण्याची असते; सांता आना आमच्या घराण्याची, आजीकडून माझ्याकडे आलेली. उत्सवाआधी अध्यक्षाने टोपी काढून ती मागायला यायचे असते.

गेल्या वर्षी तेओफिलोने पोटच्या पोरीला, रोसेंदाला, लग्नाआधी दिवस गेले म्हणून घराबाहेर काढले. ती माझ्याकडे बाळंत झाली. तिचा मला फार लळा आहे.

सबब सांता आनाची मूर्ती, झगे व चांदीचा मुकुट मी रोसेंदा बालाइस हिला देते. मागायला तिच्या बापाने स्वतः यावे. देणे न देणे तिची मर्जी.

ती म्हणाली, "आजी, बाबा मेले तरी यायचे नाहीत."

न आल्यास काबुलानला त्या वर्षी उत्सव नाही.

साक्षीदार: आनिसेतो पालमा, कोळी, लिगाया सुमाइल, सुईण, देमेत्रियो आबुएवा, न्हावी

सही: प्रिमितिवा गुमापास
काबुलान, १४ मे १९८८