दादांबरोबरचा तेवढा काढ

देवास, रविवार

तीर्थस्वरूप सौ. नलिनीवहिनींच्या पायाशी धाकट्या दिराचा, म्हणजे शरच्चंद्राचा, नमस्कार पोचावा.

तुमचं पित्त कसं आहे? साखरपुड्याला बाफले तुम्ही जपून खाल्लेत हे मी पाहिलं, लाडवांच्या वेळी जपला नाहीत हेही पाहिलं. कोमलसूनबाईंची मान धरली होती ती सुटली का? (तिला म्हणावं, उशी पातळ घे.) चिंटूचा खोकला थांबला का? आइस्क्रीम त्याला मी दिलं नव्हतं, तो स्वतः दोन घेऊन आला होता आणि एक मला दिलं. दारातल्या शेवंतीला कळ्या धरल्या का? घरात आणखी जे कोणी मोठे असतील त्यांचीही प्रकृती उत्तम असेलच. ते सांगत नाहीत, मी विचारत नाही, असं अकरा वर्षं चाललं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. इकडे लतिकाची कंबर आहे तशीच आहे. मी ठणठणीत आहे, फक्त मला काही कळेनासं झालं आहे.

झालं असं की आपल्या अपूर्वानं (नात माझी, साखरपुडा तिचा, त्यामुळे त्या दिवशी हुकूमही तिचाच) सगळ्या पाहुण्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. तुमच्याही फोनमध्ये घालायला आली होती, तुम्ही फोन पर्समध्ये लपवलात, शहाण्या ठरलात. त्या ॲपमध्ये एका जुन्या कॅमेऱ्याचं चित्र येतं, एक गोल बटण, आणि पाहायला पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी. फोटो फक्त चोवीस. काढलेला फोटो बघायचा नाही, पुन्हा काढायचा नाही, तीन दिवसांनी रोल धुऊन येणार. मी म्हटलं, बेटा, माझ्या फोनमध्ये दहा हजार फोटो मावतात असं तो स्वतः सांगतो, मग हे काय? तर म्हणे, "आबा, यही तो मज़ा है!" म्हणजे घरात चोवीस तास नळ, आणि पाणी आणायचं कळशी घेऊन विहिरीवरून, आणि त्यालाच मजा म्हणायचं. वहिनी, मी फिटर माणूस. कॉलेजात गेलो नाही, पण जे यंत्र हाती आलं ते उघडून शिकलो. हे ॲप उघडतं खरं, पण आत स्क्रूच नाही.

तरी मन लावून फोटो काढले. पहिले चार माझ्याच अंगठ्याचे आले हे पुढे कळलं. दोन पंख्याचे. नवरामुलगा अंगठी घालत होता तेव्हा मी एक डोळा मिटून त्या खिडकीत बघत होतो, पण मिटला तो नेमका चष्म्याच्या चांगल्या काचेचा डोळा. असं करत तेवीस संपले. एक उरला.

आता तो चोविसावा. हॉलच्या दाराशी पायऱ्यांवर दादा उभे होते, मी त्यांच्यापासून चार हात लांब, म्हणजे अकरा वर्षांच्या मानानं अगदी खेटून. (नातवाच्या, मननच्या, मुंजीच्या पत्रिकेत निमंत्रकांमधून दादांचं नाव गळलं, तेव्हापासून हा अबोला. मी सगळीकडे प्रेसवाल्याचं नाव सांगितलं. प्रूफ मी तपासलं होतं. हे आजवर कोणाला बोललो नाही, तुम्हीही वाचलं नाही असं समजा.) तेवढ्यात तुम्ही आलात, "भावजी, द्या इकडे तो फोन, उभे राहा दोघं" म्हणालात, आणि माझ्या हातून फोन घेतलात. मी उभा राहिलो. आणि दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनी, नुसता टेकवला नाही, चांगला वजन देऊन ठेवला. बटण दाबून झालं तरी तसाच होता. मग ते "चल, इंदूरची बस निघेल, पुढे धारची गाठायची आहे" एवढं तुम्हाला म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. उतरताना मी पाहिलं, उजवा गुडघा चांगलाच दुखत होता. झालं! तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा: तो हात माझ्यासाठी होता की गुडघ्यासाठी? चेहरा दिसला तर कळेल, आणि चेहरा त्या रोलमध्ये.

रोल धुऊन येईपर्यंत त्याला उजेड लागू नये एवढं मला कळतं. म्हणून फोन काळ्या फडक्यात गुंडाळून चादरींच्या कपाटात ठेवला. लतिका म्हणाली, "अहो, फोन आहे तो, विरजण नव्हे." तीन दिवस कपाट वाजत होतं, आम्ही दोघं बसून ऐकत होतो. शेजारच्या विश्वासरावांनी सात वेळा फोन केला आणि शेवटी स्वतः येऊन विचारलं, "काय भिया, नाराज हो क्या?"

तिसऱ्या दिवशी फोटो आले. सगळे पिवळे. कोपऱ्यात भगव्या आकड्यांत तारीख, जणू माझ्या डोक्यावर केस होते तेव्हाचे. चोविसावा उघडला तर मी आहे, खांद्यावर हात आहे, आणि दादांच्या नाकापासून हनुवटीपर्यंत तांबडा पट्टा. अपूर्वा म्हणाली, "लाइट लीक है आबा. ॲप जानबूझकर डालता है, असली लगने के लिए." जानबूझकर! आमच्या वेळी स्टुडिओवाल्याकडून असा पट्टा आला की तो हात जोडून माफी मागायचा. आता तो मुद्दाम घालायला यंत्र बनवलं आहे, आणि त्या यंत्रानं साऱ्या हॉलमधून दादांचंच तोंड निवडलं.

मी म्हटलं, मोठा छापून घेऊ, भिंगातून पाहू, ओठाची एक कड पट्ट्याबाहेर असेल तर कळेल. अपूर्वा इंदूरला निघाली होती, घाईत होती. मी म्हटलं, "बाकीचे राहू देत, दादांबरोबरचा तेवढा काढ."

तिनं काढला.

संध्याकाळी फोनवर विचारलं, कुठे आहे? "काढ दिया ना आबा! सबके फ़ोन से." हिंदी शाळेत शिकलेली पोर. मी म्हणत होतो झेरॉक्स काढतात तसा काढ, तिनं काटा काढतात तसा काढला. ओरडणार होतो, तर तीच रडवेली झाली: "मुझे लगा आप अभी भी नाराज हो मोठ्या आजोबांवर." परत आण म्हटलं, तर त्या ॲपला कचऱ्याची टोपलीसुद्धा नाही. असली रोलसारखं, एकदा गेला की गेला. एवढंच काय ते असली निघालं.

असो. थंडी पडू लागली आहे, जपून असा. चिंटूला आशीर्वाद, कोमलला आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमचा भावजी,
शरच्चंद्र

ता. क. त्या खिडकीतून तुम्ही पाहिलंत, वहिनी, आणि तुमच्या डोळ्यांत काही पट्टा नव्हता. दादा हसत होते का? नसतील तर नसतील, पण मला बरं वाटावं म्हणून हो लिहू नका. आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.

ता. क. दुसरा. दादा, वहिनींच्या नावचं टपालही तुमच्याकडे तुम्हीच फोडता, आणि पहिल्या ओळीपासून वाचता. फोन न करता पत्र लिहिलं ते त्यासाठीच. म्हणजे प्रुफाचंही वाचलं असेल. चूक माझी होती. आता तुम्हीच सांगा, पोस्टकार्डावर एक शब्द पुरे: "गुडघा" किंवा "तू". गुडघा असला तरी मी वाईट वाटून घेणार नाही. धारच्या घरालाही पायऱ्या आहेतच, मी येऊन उभा राहीन. पण लवकर लिहा.