भाडेकरूसकट

२ जून
आलो एकदाचा! वर मी, खाली भाडेकरू, आणि बँकेचा हप्ता त्याच्या भाड्यातून परस्पर. आमची ही फोनवर हसली, म्हणाली, आता मालक म्हणून मिरवा. ती मुलीकडे आहे, नात झालीय. घराची डागडुजी करायची, चांगला भाव आला की विकायचं आणि कायमचं त्यांच्याकडे जायचं, असं आमचं ठरलंय. आधीच्या मालकांनी काठी टेकत भाडेकरूचं तोंडभरून कौतुक केलं. किल्ल्या दिल्या आणि खालची खोली शेवटची बघून येतो म्हणाले. ते काही वर आले नाहीत. थोड्या वेळाने एक वाळलेला म्हातारा फाटकातून पळतच गेला. त्यांचा कोणी नातेवाईक असेल. मालकांची स्कूटर मात्र इथेच राहिली.

२१ जून
गच्ची गळते. नळवाला आज येतो म्हणाला, म्हणजे आठवडा गेला. भाड्याच्या घरातून बसल्या जागी पैसे मिळतात म्हणणाऱ्याला माझ्या जागी बसवायला हवं. भाडं मात्र अगदी वेळेवर जमा होतं. खाली जाऊन दार वाजवलं, काही दुरुस्ती आहे का विचारलं. दार उघडलं नाही. आतून एवढंच आलं, घर कधी विकताय? गंमतच आहे. घर विकणार म्हटलं की भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो.

१४ ऑगस्ट
पाय बोलू लागलेत. गच्ची, टाकी, रंग, पुन्हा गच्ची. दलालाला म्हटलं, खोली रिकामी करून विकू. तो म्हणाला, काका, असला भाडेकरू म्हणजे घराचा दागिना. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघूनच पैसे मोजतं, भाडेकरूसकटच विका. खालून काठीची टकटक येते. म्हातारा असेल बिचारा. स्कूटर अजून फाटकाशीच आहे. मालकांचा फोन लागत नाही.

११ ऑक्टोबर
हिचा फोन. नात पालथी पडायला लागली. कधी येताय, विचारत होती. फोन ठेवला आणि मला रडू आलं. खरंच थकलोय. दलालाने एक जोडपं आणलं, त्यांना घर आवडलं. ते गेल्यावर खालून काठीचे ठोके सुरू झाले. आनंदाने वाजवल्यासारखे.

६ नोव्हेंबर
सह्या झाल्या. भाडेकरूसकट. किल्ल्या नव्या मालकांना दिल्या, उद्याचं तिकीट खिशात आहे. पिशवी घेऊन उतरलो तर खालचं दार पहिल्यांदाच उघडं. आतून आधीचे मालक बाहेर आले. हाडांचा सापळा झालेत. किती उशीर केलात हो, म्हणाले, आणि काठी टाकून पळत सुटले. मी हाका मारल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. काही कळेना. फाटकाशी बसून हे लिहितोय. निघण्याआधी खोलीवर एक नजर टाकतो. भाडेकरू गेला की नळ, बटणं, ओल बघायचीच असते. फक्त डोकावून—

तारीख?
दार उघडत नाही. ठोकून हात सुजले. वही पिशवीत होती म्हणून— वर पावलं वाजतात. नवी मालकीण कोणाला तरी सांगत होती, भाडेकरू फार चांगला आहे, भाडं वेळेवर देतो. ते भाडं म्हणजे माझी पेन्शन. माझीच—

—
ती दाराशी आली होती. नवी मालकीण. काही दुरुस्ती आहे का, विचारत होती. मी ओरडलो, मला बाहेर काढा, पोलिसांना बोलवा. ती हसली. म्हणाली, अहो, आताच तर घेतलंय, इतक्यात कशाला विकू?
मी असं काही म्हटलंच नव्हतं. मी—

—
फाटक वाजलं. ही आली आहे! आवाज हिचाच. मला शोधत आली. मालकीण सांगते, ते तर केव्हाच गेले, खाली फक्त भाडेकरू असतो. पावलं इकडेच. दाराबाहेर थांबली. संसारात मी हिला कधी नावाने हाक मारली नाही, आज मारली. जीव तोडून मारली. आणि बाहेर आवाज गेला तो, घर कधी—