झेंडा म्हणजे काय

तीर्थरूप बाबा,
कोलकात्याहून लांबूनच पाया पडते.

मी बरी हाय. वेळेवर जेवते, आईला सांगा. फक्त थकले हाय. फोनवर सांगवलं नाय, म्हणून लिहिते.

मंगळवारी गणिताची तोंडी परीक्षा होती. सरांनी विचारलं, "झेंडा म्हणजे काय?" आमच्या गणितात झेंडा म्हणजे बिंदू रेषेत, रेषा प्रतलात, असं एकात एक बसवलेलं. मला पाठ होतं. पण डोळ्यांपुढे कासूच्या रेल्वे फाटकावर झेंडा धरून उभे तुम्हीच आलात, आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. नापास झाले, बाबा. सहा महिन्यांनी परत द्यायची हाय.

इतिहास शिकणारी शर्मिष्ठा बोलली, "पांढरा झेंडा दाखवू नको." फिजिक्सवाला अनिर्बाण बोलला, "वारा एकसारखा वाहत असला तरी झेंडा फडफडतोच. तू कशाला घाबरतेस?" थोडं हसले.

धाकट्या विशालनं सांगितलं, मागच्या आठवड्यात तुम्ही हिरवा समजून लाल झेंडा उचलला आणि गाडी थांबली. खरं काय? आईला बोललात नाय म्हणे. मी माझं लपवलं नाय. तुम्ही पण साहेबांना सांगा, पेणला डोळे दाखवा. डॉक्टर काय बोलतो ते तुमच्या हातानं लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालंल.

तुमची,
प्रतिक्षा