कपाट पुष्पाला द्यावे

मी, अनसूया श्रीधर जटार, वय वर्षे एकाहत्तर, राहणार नानाखेडा, उज्जैन, पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. सांगत आहे, कारण काचबिंदूने डोळे गेले. लिहून घेत आहेत वकील जयंत दिघे. ते म्हणाले, हिंदीत करू, कचेरीत सोपं पडेल. मी म्हटलं, भाषांतराचं तुम्ही बघा, मला मराठीतच मरायचं आहे.

१. यजमानांनी बँकेच्या नोकरीत बांधलेलं हे दोन खोल्यांचं घर मुलगा चि. निखिल याला. त्याने ते खुशाल विकावं. पुण्याची कंपनी सोडून तो इथे येणार नाही. फोन रविवारी करतो, दर कमी असतो म्हणून. बाकीचे दिवस फोनही गप्प आणि मीही गप्प. हे तक्रार म्हणून सांगत नाही. नको, जयंतराव, खोडा ते. तक्रार म्हणूनच सांगते आहे.

२. गेल्या दिवाळीत निखिलने टीव्हीला केबल लावून दिली. डोळे गेलेल्या आईला एवढी चॅनेलं! टीव्ही त्यानेच न्यावा. जाताना "आई, ते पुस्तकांचं कपाट आता रद्दीत काढू" असं तो म्हणाला, ते मी विसरलेले नाही. माझ्या कुड्या नात श्रुतीला.

३. नणंद जयू हिने माझ्या लग्नाच्या वर्षी एका कादंबरीचा दुसरा भाग वाचायला नेला, तो आजतागायत परत आलेला नाही. शेवटी काय झालं, तेही तिने कधी सांगितलं नाही. पहिला भाग तिलाच पोचवावा. एकीकडे तरी जोडी पुरी होऊ दे.

४. कपाट आणि त्यातली बाकी सर्व पुस्तकं शेजारच्या सौ. पुष्पा राठौर हिला. निखिल विचारेल, हिंदी बाईला मराठी पुस्तकं कशाला? म्हणून कारण नमूद करते. आधी यजमान गेले, मग डोळे. रडून झालं तरी दुपार काही केल्या सरत नसे. पुष्पाच्या नवऱ्याची मिल बंद पडलेली, घरात रोजची भांडणं, म्हणून ती माझ्याकडे येऊन बसायची. एकदा मी म्हटलं, अक्षरं तर तीच आहेत, वाच. तिने वाचलं, निम्मं न कळता, हिंदी हेलात. मला तेवढंही पुरलं. पुस्तकाने दुःख जात नाही, दुपार जाते. आणि दुपारी निभावल्या की माणूस तग धरतं, एवढंच मला आयुष्यात कळलं.

वर्षभराने वाचता वाचता ती मध्येच थांबली.

"अक्का, ये औरत मायके क्यों नहीं चली जाती?"

"उसका मायका बचा नहीं है."

"मेरा भी कहाँ बचा है," ती म्हणाली, आणि तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. त्या दिवसापासून आम्ही दोघी वाचतो.

५. अस्थी रामघाटावर सोडाव्या. तेराव्याचं जेवण घालू नये. माझ्यामागे एखादं पुस्तक अर्धं राहिलं, तर पुष्पाने ते याच खोलीत मोठ्याने वाचून पुरं करावं. तोवर निखिलने घर विकू नये. मला ऐकू येईल अशी माझी समजूत नाही. पण तिला तरी शेवट कळायला हवा.

साक्षीदार म्हणून वकिलांच्या ओळखीचे औषधवाले विनायक मुळ्ये आणि वकिलांकडच्या मीना सोहोनी यांच्या सह्या आहेत. दोघं भले आहेत, पण माझी त्यांची ओळख आजचीच. सही करायला पुष्पा आली होती. वकील म्हणाले, जिला मिळणार तिनेच साक्ष दिली तर तिला दिलेलं रद्द होतं. ती लगेच म्हणाली, "तो अलमारी रहने दो, साहब. मैं गवाह बनूँगी. अक्का को मुझसे ज़्यादा कौन जानता है?"

मी ऐकलं नाही. म्हणून खाली तिचं नाव नाही. मजकूर वकिलांनी मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. मला जागा दिसत नाही, तेव्हा सही कुठे करायची ते पुष्पाच माझं बोट धरून दाखवील.

उज्जैन, ९ डिसेंबर १९९६

(सही) अनसूया श्रीधर जटार

साक्षीदार:
(सही) विनायक मुळ्ये
(सही) मीना सोहोनी