खुब्याचा हरवलेला कागद

चि. लोटन यास, धुळ्याहून तुझ्या सुंदरअक्काचा आशीर्वाद. फैजपुरात तू, तुझी केळी आणि तुझे गुडघे ठीक असतील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण पणाला लावून हे पत्र केळीच्या ट्रकवाल्या भूषणच्या हाती देतेय.

माझ्या खुब्याचं ऐकलं असशील. सात वर्षांपूर्वी जळगावला बसवलेला आता आत डुगडुगतोय. तो काढून शुक्रवारी दुसरा घालायचाय. इथल्या डॉक्टरने (मिशी नुकतीच फुटलीय) मोबाइलवर हत्यारं दाखवली. हातोडा, छिन्नी, करवत, कानस. मी म्हटलं, एवढ्या हत्यारांत आमचा नवल सुतार दोन खाटा करतो. तो हसला नाही. म्हणाला, "आजी, जुना खुबा कुठल्या कंपनीचा, काय मापाचा, तो स्टिकरचा कागद आणा. त्याशिवाय मी हात लावणार नाही." प्रत्येक कंपनीचा खुबा ओढून काढायचं हत्यार निराळं म्हणे. कागद नसेल तर मांडीचं हाड उभं चिरायचं, आतलं सिमेंट खरवडायचं, हाड तारांनी बांधायचं आणि मी तीन महिने खाटेवर. (माझ्या मांडीत सिमेंट आहे हे मला आत्ता कळलं. मोरीला मात्र अजून मिळालेलं नाही.)

कागद फाइलसकट गायब. आठ दिवस बठ्ठं घर उपसलं. सून मेघा रद्दीवाल्याच्या दुकानात जाऊन गठ्ठे सोडून बघून आली, गव्हाची कोठी रिकामी केली. पाच वर्षांपूर्वी हरवलेली पळी सापडली, कागद नाही. तुझ्या हातात दिलेली वस्तू कधी टिकलीय का, एवढंच मी तिला म्हणते (दिवसातून चार-पाच वेळा). स्वप्नील आईची बाजू घ्यावी की बायकोची, हे ठरेपर्यंत गच्चीवर पाण्याची टाकी तपासत बसतो.

भावजयीला आशीर्वाद.

तुझी अक्का

ता. क. परवा आठवलं, तेव्हापासून तुला फोन लावतेय. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ग्रहणाला सूर्य बघायला काळी फिल्म पाहिजे म्हणून माझा एक्स-रे तूच पिशवीसकट नेलास. तुझ्या अख्ख्या गल्लीने माझ्या कमरेतून ग्रहण पाहिलं. कागद त्याच पिशवीत शे. गुरुवारी पहिल्या गाडीने घेऊन ये. फिल्म ठेव, ग्रहणं काय येतच राहतील.

आणखी एक. मेघाला यातलं काही सांगायचं नाही. ती चहाला आत गेली की कागद तिच्याच कपाटात साड्यांखाली सरकव. सापडला की मी तिला मोठ्या मनाने माफ करणार आहे.