पाठ करून घेतलेला प्रश्न

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या आपल्या शाळेतल्या त्या पिक्चरबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी आठवीत होते. हॉलच्या खिडक्यांना गॅदरिंगचे पडदे बांधून अंधार केला होता आणि आम्ही सगळ्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसलो होतो. गाढवाच्या शिंगराचं कार्टून दाखवणार होते आणि त्याची कथा लिहिणारे लेखक पुण्याहून बोलायला आले होते. पाहुण्यांना मुलींनी काय विचारायचं ते शिक्षकांनीच आधी वाटून द्यायचं, ही आपल्या शाळेची रीत. शिक्षकांनी मात्र स्वतः काही विचारायचं नाही, भिंतीला लागून उभं राहायचं. मुलींना दाखवण्याजोगा आहे का हे बघायला म्हणून तुम्ही तो पिक्चर आधीच पाहिला होता. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. बाकीच्यांना चिठ्ठ्या दिल्या होत्या, मला दिली नाही. "पाठ कर. कागद बघून विचारलंस तर त्यांना कळेल, आम्ही दिलाय ते." मीच का, असं विचारल्यावर म्हणालात, "तू शब्द बदलत नाहीस." ते खरंच होतं. मी वर्गात फारशी बोलायचेच नाही आणि बोलले तर पुस्तकातलं. डब्याचं झाकणही न उघडता तुम्ही तो प्रश्न माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलात. मला वाटलं, चांगल्या मार्कांसाठी असतं तसंच काहीतरी असेल.

पिक्चरमध्ये नदीला पूर येतो. शिंगरू पलीकडं पोचतं, त्याची आई अलीकडच्या काठावर राहते. मग शिंगरू गावोगाव हिंडतं, गाणी म्हणतं, मोठं होतं, आणि आई पुन्हा दिसत नाही. तुमचा प्रश्न तिच्याबद्दल होता.

दिवे लागले. एकीनं विचारलं, कथा कशी सुचली. दुसरीनं विचारलं, आम्हाला काय संदेश द्याल. हॉल पेंगायला लागला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "संपीव की गं लौकर." माझं नाव पुकारलं तेव्हा तुमचा प्रश्न जिभेवर तयार होता. पण सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "सर, ते शिंगरू पुण्याचं हाय काय? आमच्याकडची गाढवं असली बोलत न्हाईत."

हॉलमध्ये हशा पिकला. लेखकही हसायला लागले. "मग कोल्हापूरचं शिंगरू काय म्हणालं असतं?"

"आये, भूक लागल्या की."

मुख्याध्यापकसुद्धा डोळे पुसत होते. त्या हसण्यातच आभार मानून झाले, कार्यक्रम संपला. मी तुमच्याकडं पाहिलं. भिंतीशी तुम्हीही हसत होतात, पण दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं. मुली बाहेर पडल्यावर तुम्ही जवळ आलात.

"विसरलीस?"

"व्हय, बाई."

"असू दे. हसवलंस मात्र चांगलं." आणि पाहुण्यांच्या बशीत उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवलात. मी तो खाल्ला. त्यानंतर कित्येक दिवस वरच्या वर्गातल्या मुली मला थांबवून विचारायच्या, "शिंगरू पुण्याचं म्हणणारी तूच न्हवं?" शाळेत एवढं सुख मला दुसऱ्या कशानं मिळालं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी पेठ वडगावला नोकरी करत होते. उत्तरकार्याला तुमच्या बहिणीच्या घरी आले, तर दाराशी माझ्याच वयाचा एक माणूस उभा. तुमची बहीण म्हणाली, "हा तिचा मुलगा. चार वर्षांचा होता, तेव्हापासून इचलकरंजीला वडलांकडंच वाढला." तुम्हाला मूल आहे हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी ना? कशा होत्या हो? मला फारसं ठाऊक नाही." मला बोलायची सवय नाही. घाईत दुसरं काही आठवेना, म्हणून मी त्याला तो शिंगराचा किस्सा सांगितला. तो हसला, अगदी मोकळा हसला. मग म्हणाला, "आणि त्या शिंगराच्या आईचं काय झालं पुढं?"

"ते दाखवलंच नव्हतं," मी म्हणाले. बोलता बोलता मला स्टाफरूममधला तो न उघडलेला डबा दिसला. तुमचा प्रश्न निदान त्याला तरी सांगायला हवा होता. तो पाणी आणायला आत गेला आणि मी चपला घालून निघाले.

हे पत्र त्याला पाठवावं असं वाटलं होतं. पण पाठवणार नाही, बाई. सकाळपासून तुमचा प्रश्न आठवून पाहते आहे. ती अलीकडं राहिली ती का, ती वाट बघत होती हे शिंगराला कोणी सांगितलं का, असं काहीतरी होतं. नेमके शब्द गेले. माझा प्रश्न मात्र शब्द न शब्द पाठ आहे.