वैशालीचा पेला

शनि., ८ मार्च
काय करून बसलो.
मी राहतो त्या घरच्या काकूंनी महिला दिनाला सिनेमा ठेवला होता. बारा-पंधरा बायका. इथलाच, अमेरिकेतला साउथ, साठ वर्षांपूर्वीचा, गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या बायका. मोलकरणीचं पाणी प्यायचं टमरेल मागच्या दारी खिळ्याला टांगलेलं. ते बघून सगळ्यांचं डोळे पुसणं चालू. "किती क्रूर गं ही माणसं!" आणि आत वै. एकटी साबुदाणा वडे तळतेय. घरातलं बाळ सांभाळायला व्हिजिटर व्हिसावर अमरावतीहून आणलेली. सहा महिने होत आले, एक सुट्टी नाही.
डोकं फिरलं. तिचा स्टीलचा पेला कपडे धुण्याच्या खोलीत मशीनवर असतो. आणला, टेबलावर आपटला. "काकू, आपला खिळा कुठंय?"
आत वडे करपल्याचा वास.
मग काकू हसल्या. पेला कचऱ्यात टाकला, चांगल्या कपात चहा ओतला. "ये गं वैशाली, बस आमच्यात."
बसली. चहा प्यायली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

रवि., ९
वै. बाळाला फिरवायला बाहेर पडली तेव्हा तिला गाठलं.
"तुला कोणी सांगितलं होतं हीरोगिरी करायला?"
"अगं, तुझा पेला वेगळा ठेवतात..."
"ताट त्या ठेवतात वेगळं. पेला मी ठेवला होता. आईचा आहे. नाव वाचलंस कधी? दिवसभर यांची उष्टी काढते मी. एक भांडं माझं होतं."
इतके महिने तिच्यावर मरतोय, आणि नाव वाचलं नाही.

सोम., १०
काका कधी वर येत नाहीत. आज आले. पलंगावर बसून, अगदी गोड आवाजात: "तू एमएस सोडलंस, व्हिसाचं स्टेटस गेलं, आम्ही कुणाला बोललो का? आपण आपल्या माणसांना सांभाळतो. हो ना?"
"हो काका."
प्रोफेसरच्या तोंडावर फाइल फेकून आलेला मी. हो काका.
दुपारी बेल वाजली. इमिग्रेशनवाले असतील म्हणून पलंगामागे जाऊन बसलो. पार्सल होतं.

मंगळ., ११
काकू फोनवर: "शुक्रवारी फ्रिस्कोला ताईकडे पाठवते तिला. ताईची जुळी आहेत ना. इथे बायका विचारायला लागल्यात."
जुना मिक्सर द्यावा तशी देतायत. पासपोर्ट काकूंच्या कपाटात. इथे कॅरीत निदान मी आहे. तिकडे टेक्सासातल्या फ्रिस्कोत कुठलं घर, कुठली गल्ली? गेली की गेली.
अशा बायकांसाठी हेल्पलाइन असते. नंबर शोधला. तीनदा लावला, तीनदा कट. माझं नाव विचारलं तर? भित्रा साला.

बुध., १२
कचऱ्याची गाडी यायच्या आत डबा उपसला. डायपर, चहाचा चोथा, तळाशी पेला. काठाला पोचा. ठिपक्यांनी कोरलेलं: सौ. कमल. समोरून कुत्रा फिरवणारा माणूस थांबून बघत राहिला. मी डब्यात वाकूनच राहिलो. तो हात हलवून गेला.
पेला धुतला, आत नंबरची चिठ्ठी टाकली, वै.ला दिला. तिनं आधी नावावरून बोट फिरवलं. मग चिठ्ठी.
"लावलास?"
"लावला नि कापला. भीती वाटते."
"मला काय मजा वाटते का?" मग चिठ्ठी परत पेल्यात टाकत, "माझं नाव मी सांगीन. पण माझं इंग्रजी... बोलावं तुलाच लागेल."
म्हणजे माझाही आवाज. माझा फोन. मी...

गुरु., १३
१०.४०. काकू बाळाला घेऊन डॉक्टरकडे. वै.ची बॅग जिन्याशी भरून ठेवलीय, उद्याची. ती वर आलीय, माझ्या खोलीत पहिल्यांदाच. कुठल्या स्वप्नात बघितलं होतं हे, आणि कसं...
लावला. होल्डवर ठेवलंय, पियानो वाजतोय. फोन कानाशी धरून लिहितोय.
वै. पेला दोन्ही हातांत धरून बसलीय. "आलं का कोणी?"
नाही अजून.
१०.५२. पियानो थांबला. बाई विचारतेय, तुम्ही आत्ता मोकळेपणी बोलू शकता का?
वै. माझ्याकडे बघतेय. खाली गॅरेजचं दार वर सरकतंय. काकू परतल्या.